बिऱ्हाड कुठे करायचं? मुंबई-पुण्यातल्या एका घरगुती प्रश्नाची पार्श्वभूमी

हिंजवडीत नोकरी लागली की पुढचे काही आठवडे घरात एकच विषय असतो. वाकड बघायचं की बाणेर, आधी भाड्याने राहायचं की थेट फ्लॅट बुक करायचा, मुलांची शाळा आधी ठरवायची की घर. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर नकाशावर दोन ऑफिसं मांडून मधलं ठिकाण शोधलं जातं. हे सगळं आपण ठरवतोय असं वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण ही मुभा फार जुनी नाही. मुंबईत आणि नंतर पुण्यात पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाने राहायचं कुठे, हे बराच काळ दुसऱ्याच कुणीतरी ठरवून टाकलेलं असायचं. आधी गावाने आणि जातीने, मग रेल्वेने, मग भाडे कायद्याने, काहींच्या बाबतीत कंपनीने.

सुरुवात गिरण्यांपासून करावी लागते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढलेली मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी हा पट्टा गिरणगाव झाला. कामगार आले ते प्रामुख्याने रत्नागिरी आणि सातारा-पुण्याकडून. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. आणि आले ते एकटे. गाव सोडणारा माणूस ‘कुठे राहू’ असा विचार करत नव्हता. आपल्या गावचा माणूस कुठल्या चाळीत आहे, एवढंच त्याला माहीत असलं की पुरे. कोकणातली बोट भाऊच्या धक्क्याला लागली की खांद्यावर वळकटी टाकून तो त्या चाळीचा पत्ता विचारत निघायचा.

तिथे त्याला मिळायचा तो गावाचा गाळा. एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली खोली, भाडं सगळ्यांत वाटून. दहा बाय बाराच्या जागेत पंधरा-वीस माणसं कशी मावत असतील, असं आज कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर गिरणीच्या पाळ्यांत होतं. दिवसपाळीवाला बाहेर पडला की रातपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकायचा. ट्रंका भिंतीकडेला एकावर एक, कपडे दोरीवर, आणि पावसाळा सोडला तर निम्मी माणसं गॅलरीत, जिन्यात नाहीतर फुटपाथवर झोपलेली. जेवण जवळच्या खाणावळीत, महिन्याच्या हिशेबाने. ही खाणावळ बहुधा एखाद्या कामगाराची बायको किंवा विधवा आपल्याच खोलीत चालवायची. याच खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

गाळा म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हती. नव्या माणसाला गिरणीत लावणारा जॉबर बऱ्याचदा त्याच गावचा किंवा शेजारगावचा असायचा. आजारी पडलं तर गावी पोचवायची, मेलं तर क्रियाकर्माची सोय गाळ्यातले लोक बघायचे. गावच्या देवळाच्या दुरुस्तीची वर्गणीही तिथेच गोळा व्हायची. थोडक्यात, नोकरी, खोली आणि अडीअडचणीची उधारी या तिन्ही गोष्टी एकाच ओळखीवर मिळत होत्या. म्हणून दुसरीकडे थोडी मोठी खोली मिळत असली तरी माणूस गाळा सोडून जायला धजत नसे.

कुटुंब मात्र गावीच. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या. पगार तुटपुंजा, खोल्या महाग, हे कारण खरंच. पण तेवढंच नव्हतं. गावची शेताची तुकडी कुणीतरी राखायची होती, आणि गिरणी बंद पडली तर परत जायला चूल पेटती ठेवायची होती. १९२८ चा संप जवळजवळ सहा महिने चालला, तेव्हा हजारो कामगार सरळ गावी निघून गेले. बिऱ्हाड मुंबईत असतं तर सहा महिने काय खाल्लं असतं? आजच्या भाषेत ज्याला आपण कुटुंब ‘शिफ्ट’ करणं म्हणतो, ते न करणं हाच त्या काळचा शहाणपणा होता. त्याची किंमत गावी राहिलेल्या बायकांनी मोजली. शेती, सासर आणि मुलं सांभाळायची, मनिऑर्डरची वाट बघायची आणि नवऱ्याची भेट गणपती-शिमग्याला.

१८९६ च्या प्लेगने सरकारला चाळींकडे बघायला भाग पाडलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा, सायन इथल्या आखीव वस्त्या ही त्याची देणगी. गव्हर्नर लॉईड यांच्या काळात १९२० नंतर बीडीडी, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी उठल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, प्रत्येक मजल्यावर एकसारख्या खोल्या. गंमत अशी, की एवढी टंचाई असताना वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीची काही वर्षं रिकाम्या राहिल्या. गिरणी लांब, बाजार लांब, ओळखीचं कुणी नाही. नुसतं छप्पर दिलं म्हणून माणूस येत नाही, हे सरकारला तेव्हाच कळायला हवं होतं.

गावाची ओळख ज्याला आधार देते, तीच दुसऱ्याला दार बंद करते. गिरण्यांच्या विणाई खात्यात दलित कामगारांना शिरकाव नव्हता, तसाच बहुतेक चाळींतही नव्हता. या बाबतीतलं सर्वांत बोलकं उदाहरण गिरणी कामगाराचं नाही, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. नोकरी हातात होती, राहायला जागा नव्हती. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक असल्याने ते पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. गावातल्या ओळखीच्या घरांतून नकार मिळाल्यावर बागेत बसून गाडीची वेळ गाठली आणि ते मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. मुंबईत त्यांचं बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीत होतं, ट्रस्टने बांधलेल्याच एका इमारतीत. सरकारी जागेत निदान घरमालक जात विचारत बसत नव्हता.

पांढरपेशांनीही आपापले गोतावळे करूनच घरं केली. १९१५ साली गावदेवीत सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण सोसायटी निघाली. शहरातली ही पहिली. माटुंग्यात तमिळ कारकून मंडळी स्थिरावली, कारण तिथे ट्रस्टचे नवे ब्लॉक होते, जवळ स्टेशन होतं, आणि हळूहळू देऊळ, भजन समाज, उडुपी भोजनगृहं आणि १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीची शाळाही झाली. बदली होऊन मद्रासकडून आलेल्या माणसाला माटुंग्याशिवाय दुसरं नाव कोण सुचवणार? सोसायटीचा हा जातीचा-समाजाचा तोंडवळा कायद्यानेही मान्य केला. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सदस्यत्व समाजापुरतं ठेवणारी उपविधी वैध ठरवली. भाड्याचं घर शोधताना एजंट फोनवर हळूच ‘आडनाव काय?’ विचारतो, त्याची मुळं इतकी खोल आहेत.

दुसरा ठरवणारा घटक म्हणजे लोकल. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, १९२८ मध्ये पश्चिमेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत. घर आणि काम यांच्यातलं अंतर तेव्हापासून मैलांत मोजायचं बंद झालं, ते गाडीच्या मिनिटांत मोजलं जाऊ लागलं. ठाणे, डोंबिवली, पुढे विरार ही सगळी मध्यमवर्गीय बिऱ्हाडं मासिक पासच्या जोरावर उभी राहिली. घराच्या जाहिरातीत आजही ‘स्टेशनपासून चालत सात मिनिटं’ लिहितात, आणि ती सात मिनिटं कुणाच्या चालीने हे कुणी विचारत नाही.

आता भाडे कायदा. हा भाग रुक्ष वाटतो, पण आजच्या घरशोधाचे निम्मे नियम इथून आले. युद्धकाळानंतर, १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य झालं. ज्यांच्याकडे खोली होती त्यांची चंगळ, नव्याने येणाऱ्याची पंचाईत. खोली मिळवायची तर आधीच्या भाडेकरूला आणि मालकाला पागडी, म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी पैसे, मोजायची. कायद्यात ती गुन्हा होती, व्यवहारात तीच रीत होती. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. नोकरी ठाण्याला लागली तरी गिरगावची खोली कुणी सोडेना. सोडली तर परत मिळणार नाही, आणि ठाण्यात पागडीला पैसे नाहीत. माणूस नोकरी बदलायचा, पत्ता बदलायचा नाही. तीन पिढ्या एका खोलीत राहिल्या, त्यात चाळीच्या जिव्हाळ्याइतकाच या गोठलेल्या भाड्याचाही वाटा आहे.

मालकांनी पळवाट काढली ती ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. भाडेकरू म्हणायचंच नाही, परवानगीने राहणारा म्हणायचं. पण १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्या सगळ्यांनाच संरक्षित भाडेकरू करून टाकलं. मालकांनी एवढी धास्ती घेतली की रिकामे फ्लॅट कुलपात पडून राहिले. दिले तर कंपनीला, नाहीतर ओळखीच्याला, तेही अकरा महिन्यांवर. ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, त्यात लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळण्याची सोय झाली आणि करार लेखी व नोंदणीकृत असणं सक्तीचं झालं. एक वर्षाहून कमी मुदतीला नोंदणी लागत नाही म्हणून अकरा महिने, असं अजून सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते लागू नाही. इथे लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो. अकरा महिने ही आता नुसती सवय आहे, आणि एजंटांना ती सोयीची आहे, कारण दर नूतनीकरणाला दलाली.

नवी मुंबईची गोष्ट वरळीच्या रिकाम्या खोल्यांचीच मोठी आवृत्ती आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. घरं स्वस्त, रस्ते रुंद. पण सरकारी कार्यालयं तिकडे जाणार होती ती गेली नाहीत, आणि मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू व्हायला १९९२ उजाडलं. मधली वीस वर्षं वाशीत घर घेणाऱ्याला नातेवाईक ‘एवढ्या लांब?’ असं विचारायचे. गाडी आली आणि काही वर्षांत तोच प्रश्न ‘तेव्हा घेऊन का ठेवलं नाही?’ असा उलटला.

पुण्याकडे चित्र वेगळं होतं, कारण तिथे लोकलची जागा कंपनीने घेतली. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी आली ती स्वतःची कॉलनी घेऊन. क्वार्टर, शाळा, मैदान, दवाखाना, सगळं कुंपणाच्या आत. नोकरी लागली की घराचा प्रश्नच उरत नव्हता; तो निघायचा निवृत्तीच्या आदल्या वर्षी. बदलीवाल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालयं सुरू झाली, तेव्हा शाळेचा तिढाही थोडा सुटला. पुढे एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आली, टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि बजाज आले. एवढ्या सगळ्यांना क्वार्टर देणं शक्य नव्हतं, म्हणून कंपनीच्या बसगाड्या आल्या आणि कामगारांनी बसच्या थांब्याजवळ घरं बघितली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने निगडीत प्लॉट पाडले. सातारा, मराठवाडा, खानदेशातून आलेल्या कामगारांनी तिथे आधी खोली बांधली, मग मजला चढवला आणि मग गावाकडून आई-वडिलांना आणलं. गिरणगावात जे साधलं नव्हतं ते इथे एका पिढीत झालं, कारण नोकरी कायम होती आणि जमीन परवडत होती.

आयटी आल्यावर या दोन्ही गोष्टी गेल्या. कंपनी क्वार्टर देत नाही, नोकरी दर दोन-चार वर्षांनी बदलते, आणि मगरपट्ट्यातली नोकरी सोडून हिंजवडीत लागली की शहराचं टोकच बदलतं. हिंजवडीचं पार्क उभं राहिलं ते ग्रामपंचायतींच्या हद्दीत. वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये, मुळा ओलांडली की बाणेर-बालेवाडी पुणे महापालिकेत, आणि म्हाळुंगे-सूस २०२१ मध्ये तेवीस गावांबरोबर पुण्यात आलेले. नदीच्या दोन काठांवर एकाच किमतीचे फ्लॅट, पण मालमत्ता कर, पाण्याची लाइन, रस्त्याची दुरुस्ती करणारं खातं सगळं वेगळं. गाव हद्दीत आलं म्हणून दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येत नाही. सोसायटीच्या मासिक मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च किती, हे ब्रोशरमध्ये नसतं. ते कळतं वॉचमनला किंवा खालच्या किराणावाल्याला विचारलं की, आणि मे महिन्यात गेलं तर विचारावंही लागत नाही. गेटबाहेर रांग लागलेली दिसते.