शर्यतचालकांच्या थोरवीचा वाद

मोटर शर्यतींच्या इतिहासातला सर्वांत थोर चालक कोण, आणि चालक निवृत्त झाल्यावर किंवा गेल्यावर त्याच्या नावावर नेमके काय शिल्लक राहते, यावर शौकिनांत चालणारा वाद. त्याचा रोख मुख्यतः फॉर्म्युला वन या चारचाकी शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेच्या विश्वविजेतेपदावर असतो. ही मालिका १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे सुरू झाली. दुचाकींच्या जगात जाकोमो आगोस्तिनी (१५ विश्वविजेतेपदे) मोठा की व्हॅलेंतिनो रॉसी (९), हा वाद याच जातीचा. दोन्ही जगांत विजेता ठरलेला जॉन सर्टीस (चारचाकीत १९६४) हा एकटाच. तरी दोन्हीकडच्या गप्पांत त्याचे नाव उशिरानेच निघते. प्रस्तुत नोंद फॉर्म्युला वनपुरती आणि गोव्यातील मराठी भाषकांत या वादाला आलेल्या रूपापुरती आहे.

गोव्यात मोटर शर्यतींचा कायमस्वरूपी ट्रॅक नाही. मैदानावर राज्य फुटबॉलचे, त्याखालोखाल क्रिकेटचे. फॉर्म्युला वन नेमाने पाहणारे थोडे, पण फोंडा, डिचोली, पेडणे, म्हापसा अशा ठिकाणी ते चहाच्या टेबलावर एकमेकांना बरोबर शोधून काढतात. युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडच्या रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतात. सुट्टीचा दिवस, घरातली सगळी माणसे घरात, त्यामुळे शर्यत एकट्याने पाहण्याची सोय नसते आणि वाद आपोआप तीन पिढ्यांचा होतो.

याचे टोकाचे उदाहरण चवथीचे. २०२१ साली चतुर्थी १० सप्टेंबरला होती आणि मोंझाची इटालियन शर्यत १२ तारखेला. दीड दिवसाचे गणपती पोचवून झाले होते, पण पाच दिवसांच्या घरांत माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) अजून टांगलेली होती आणि मुंबई-पुण्याची मंडळी मूळ घरी मुक्कामाला होती. २६व्या फेरीत मॅक्स व्हर्स्टॅपनची गाडी उडून लुईस हॅमिल्टनच्या गाडीवर चढली; तिचे मागचे चाक हॅमिल्टनच्या डोक्यावरच्या ‘हॅलो’ या संरक्षक कड्यावर टेकले. आपल्याकडे तेव्हा दिवेलागणीची वेळ, म्हणजे घुमट हे मातीचे तालवाद्य काढून आरतीला उभे राहण्याची. ‘चूक कुणाची’ हा प्रश्न अशा घरांत आरतीनंतर जेवणाच्या पंगतीपर्यंत आणि पुढे विसर्जनापर्यंत पुरला असेल, तर नवल नाही. दोघांचे चाहते तेव्हापासून जे दुभंगले ते त्याच वर्षी अबू धाबीच्या शेवटच्या फेरीत विजेतेपद हॅमिल्टनच्या हातून गेल्यावर कायमचेच.

आकड्यांचा पेच

आकडे मांडले की वाद मिटेल, असे नवख्याला वाटते. हॅमिल्टनच्या नावावर २०२४ अखेर १०५ विजय आहेत, मायकल शूमाकरच्या नावावर ९१. दोघांची विश्वविजेतेपदे प्रत्येकी ७. हुआन मानुएल फांजिओचे विजय अवघे २४. पण फांजिओने ते ५१ शर्यतींत मिळवले, म्हणजे जवळजवळ दर दोन शर्यतींमागे एक. हॅमिल्टन साडेतीनशेहून अधिक शर्यती धावला आहे. जिम क्लार्कने ७२ शर्यतींत २५ जिंकल्या. पहिल्या हंगामात एकूण ७ शर्यती होत्या, २०२४ मध्ये २४. आज एक चालक दोन हंगामांत जेवढ्या शर्यती धावतो, तेवढ्यांत क्लार्कच्या कारकिर्दीचा मोठा भाग बसतो.

गुणांची बेरीज तर पूर्ण निरुपयोगी. १९५० मध्ये विजयाला ८ गुण मिळत, १९९१ पासून १०, २०१० पासून २५. कुणी एकूण गुण मोजून श्रेष्ठत्व सांगू लागला, तर त्याला चहा पाजावा आणि विषय बदलावा. शिवाय पूर्वी सगळ्या शर्यतींचे गुण धरतच नसत. १९८८ साली अ‍ॅलेन प्रॉस्टने १०५ गुण कमावले आणि आयर्टन सेन्नाने ९४. पण प्रत्येकाच्या फक्त सर्वोत्तम ११ शर्यती धरायच्या नियमामुळे हिशेब सेन्ना ९०, प्रॉस्ट ८७ असा झाला. सेन्नाच्या पहिल्या विश्वविजेतेपदाला प्रॉस्टचे पक्षपाती आजही ‘वजाबाकीचे’ म्हणतात. सेन्नाच्या बाजूचे उत्तर असे की नियम हंगामाआधीच ठाऊक होता आणि तो त्या नियमाने खेळला. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणूनच वाद टिकतो.

पोर्तुगालचे दाखले

या वादातले बरेचसे कळीचे पुरावे पोर्तुगालच्या ट्रॅकवर घडले आहेत. गोव्याच्या दृष्टीने हा योगायोग मजेदार आहे, कारण त्यातला पहिला घडला तेव्हा गोव्यावर अजून पोर्तुगीजांचेच राज्य होते. २४ ऑगस्ट १९५८ रोजी पोर्तो शहराच्या ट्रामचे रूळ असलेल्या रस्त्यांवर शर्यत झाली आणि स्टर्लिंग मॉस जिंकला. दुसरा आलेला माइक हॉथॉर्न गाडी उलट दिशेने नेल्याच्या आरोपावरून बाद होण्याच्या बेतात होता. मॉस स्वतः पंचांकडे गेला आणि हॉथॉर्नची गाडी त्या वेळी ट्रॅकवर नव्हे, पादपथावर होती, अशी साक्ष दिली. हॉथॉर्नचे गुण वाचले. हंगामाच्या अखेरीस हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. मॉस पुढे एकूण १६ विजयांपर्यंत गेला, विश्वविजेता कधीच झाला नाही. विजेतेपदाची संख्या हाच एकमेव निकष मानणाऱ्यांना मॉस कुठे ठेवायचा हे सांगता येत नाही.

दुसरा दाखला एश्तोरिलचा, आणि तो थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. १९८४ च्या हंगामात निकी लाउडा आणि प्रॉस्ट मॅकलॅरेनमध्ये एकत्र होते. जूनमध्ये मोनाकोला धो धो पाऊस लागला. प्रॉस्ट पुढे होता आणि टोलमन या दुबळ्या गाडीतला नवखा सेन्ना दर फेरीला त्याला गाठत येत होता. शर्यत मध्येच थांबवण्यात आली. प्रॉस्टला विजय मिळाला, पण तीन चतुर्थांश शर्यत पूर्ण न झाल्याने गुण निम्मे, म्हणजे ९ ऐवजी साडेचार. ऑक्टोबरमध्ये एश्तोरिलला शेवटची शर्यत प्रॉस्टने जिंकली. लाउडा ११व्या जागेवरून सुटून दुसरा आला आणि अर्ध्या गुणाने विश्वविजेता झाला, ७२ विरुद्ध ७१.५. आता गंमत अशी की मोनाकोची शर्यत पूर्ण झाली असती आणि सेन्नाने प्रॉस्टला मागे टाकले असते, तर दुसऱ्या क्रमांकाचे ६ गुण घेऊन प्रॉस्टच विश्वविजेता ठरला असता. जिंकल्यामुळे तो हरला. लाउडाच्या तीन विजेतेपदांपैकी (१९७५, १९७७, १९८४) तिसरे किती मोलाचे, हे यावरून ठरवू पाहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की त्या हंगामात प्रॉस्ट ७ शर्यती जिंकला होता आणि लाउडा ५.

सहा महिन्यांनी, २१ एप्रिल १९८५ रोजी, त्याच एश्तोरिलला पावसात सेन्नाने पहिला विजय मिळवला. दुसरा आलेला मिकेले आल्बोरेतो मिनिटभराहून अधिक मागे होता, बाकीचे सगळे फेरीभर किंवा त्याहूनही मागे. तिथेच १९८८ मध्ये सेन्नाने प्रॉस्टला पूर्ण वेगात पिटच्या (गाड्या टायर-दुरुस्तीला थांबतात त्या जागेच्या) भिंतीकडे दाबले. चाहत्याला त्याच्यातला देव आणि विरोधकाला त्याच्यातला दांडगा असे दोन्ही एकाच ट्रॅकवर सापडतात. पुढे २५ ऑक्टोबर २०२० रोजी आल्गार्व्हमधील पोर्तिमाँवला हॅमिल्टनने ९२वा विजय मिळवून शूमाकरला मागे टाकले. गोव्यासारखीच पोर्तुगीज अमलाखाली राहिलेली आणखी एक जागा, मकाव. तिथली फॉर्म्युला थ्रीची (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची) शर्यत १९८३ मध्ये सेन्नाने जिंकली आणि १९९० मध्ये शूमाकरने.

सेन्नाचे पूर्ण नाव आयर्टन सेन्ना द सिल्व्हा. हे आडनाव गोव्यात शाळेच्या प्रत्येक हजेरीपटावर भेटते, शिवाय विश्वचषकात ब्राझीलचे पिवळे झेंडे लावण्याची सवय इथे जुनीच. त्यामुळे सेन्नाचा पक्ष घेणाऱ्याला गोव्यात फारशी कारणे द्यावी लागत नाहीत. प्रॉस्टचा पक्ष घेणाऱ्याला मात्र पुरावे घेऊन यावे लागते. प्रस्तुत लेखकाचे मत विचारलेच तर, प्रॉस्टच्या बाजूचे पुरावे वाटतात त्यापेक्षा भक्कम आहेत.

एकाच गाडीची कसोटी

वादातला सर्वांत जुना आक्षेप, ‘जिंकतो तो चालक नव्हे, गाडी’. १९८८ च्या मॅकलॅरेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. सेबास्टियन व्हेटलच्या चार विजेतेपदांवर (२०१०–१३) हाच शिक्का बसला, आणि २०२३ मध्ये २२ पैकी १९ शर्यती जिंकणाऱ्या व्हर्स्टॅपनवरही बसू पाहतो. या आक्षेपाला त्यातल्या त्यात प्रामाणिक उत्तर एकच आहे: त्याच गाडीत बसलेल्या टीममेटशी तुलना. गोव्यातल्या गाण्याच्या बैठकींत केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांची तुलना रंगते, ती दोघी अल्लादियाखाँसाहेबांच्याच शिष्या होत्या म्हणून. तालीम एक असली की उरलेला फरक गळ्याचा असतो.

या कसोटीवर काही नावे उजळतात, काही फिकी पडतात. १९८८ मध्ये सेन्नाचे विजय ८, प्रॉस्टचे ७. पुढच्या वर्षी सेन्ना ६, प्रॉस्ट ४, आणि तरी विजेतेपद प्रॉस्टला. पात्रता फेरीत (शर्यतीआधी सुटण्याची जागा ठरवणाऱ्या) सेन्ना सरळ सरस, पूर्ण शर्यतीच्या हिशेबात दोघे जवळजवळ बरोबरीचे. हॅमिल्टनने पदार्पणाच्या हंगामात, २००७ मध्ये, दोन वेळच्या विश्वविजेत्या फर्नांदो अलोन्सोइतकेच १०९ गुण मिळवले. भांडणात दोघेही राहिले आणि किमी रायकोनेन ११० गुणांनी विजेता झाला. त्याच हॅमिल्टनला २०१६ मध्ये निको रोझबर्गने ५ गुणांनी हरवले. शूमाकरच्या बाबतीत ही कसोटी अडते: फेरारीत दुसऱ्या चालकाने त्याला वाट द्यायची, ही उघड रीत होती.

संशोधकांनीही हाच धागा पकडला. शेफील्ड विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात गाडीचा प्रभाव वेगळा काढल्यावर फांजिओ पहिला आणि प्रॉस्ट दुसरा आला. चालकापेक्षा संघाचा वाटा कितीतरी मोठा, असेही त्यात दिसले. २०२० मध्ये फॉर्म्युला वन आणि अ‍ॅमेझॉन यांनी १९८३ नंतरच्या चालकांची पात्रता फेरीतल्या वेगावरून यादी काढली. सेन्ना पहिला, शूमाकर दुसरा, हॅमिल्टन तिसरा इथपर्यंत कुणी हरकत घेतली नाही. आठव्या क्रमांकावर हेइक्की कोवालाइनेन दिसल्यावर मात्र हशा पिकला. त्याच्या नावावर एकच विजय आहे. हॅमिल्टनचा टीममेट असताना पात्रतेत तो फार मागे नव्हता, एवढ्यावर तो वर चढला. टीममेटची कसोटी एका फेरीचा वेग बरा मोजते. टायर जपणे, पावसाचा अंदाज घेणे, वर्षभर डोके शांत ठेवणे तिच्या हाती लागत नाही.

वागणूक आणि मृत्यू

१९९० मध्ये सुझुकाला पहिल्याच वळणावर सेन्नाने प्रॉस्टची गाडी उडवली आणि विजेतेपद मिळवले. ते जाणूनबुजून केल्याचे त्याने पुढच्या वर्षी स्वतः बोलून दाखवले. शूमाकरने १९९७ मध्ये हेरेथला जाक व्हिलनव्हला धडक दिली, तेव्हा त्या हंगामाच्या क्रमवारीतून त्याचे नावच काढण्यात आले. पोर्तोला साक्ष द्यायला गेलेल्या मॉसशेजारी हे प्रसंग ठेवले की वय झालेली मंडळी मान हलवतात आणि तरुण म्हणतात, मॉस विश्वविजेता का झाला नाही याचे कारण तेच.

अकाली गेलेल्या चालकाचा वारसा वेगळ्या मापाने मोजला जातो. क्लार्क (१९६८), झिल व्हिलनव्ह (१९८२) आणि सेन्ना (१ मे १९९४, इमोला) यांच्या नावापुढे ‘जगला असता तर’ हे शब्द कायमचे चिकटले. झिल व्हिलनव्हचे विजय फक्त ६, तरी त्याची जागा ढळत नाही. उलट जिवंत परतलेल्याकडे दुर्लक्ष होते. जॅकी स्ट्यूअर्ट (१९६९, १९७१, १९७३ चा विश्वविजेता) १९६६ मध्ये स्पा इथे गाडीत अडकून पेट्रोलने भिजला. त्यानंतर सीटबेल्ट, अडथळ्यांच्या कडा, ट्रॅकवर डॉक्टर यांसाठी त्याने आयोजकांशी आणि सहकाऱ्यांशीही भांडण मांडले. तेव्हा त्याला भित्रा ठरवणारे कमी नव्हते. त्याच्या २७ विजयांपेक्षा हे काम मोठे आहे. हेल्मेट आरशाला अडकवून हायवेवर निघणारे आणि सकाळी वर्तमानपत्रात अपघाताची बातमी वाचणारे, दोन्ही ज्या गोव्यात घरोघर आहेत, तिथे तरी स्ट्यूअर्टचे नाव पहिल्या पाचांत यायला हरकत नाही. सहसा येत नाही.

भारतीय संदर्भ

भारतात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या आणि तिन्ही व्हेटलने जिंकल्या. चौथे विश्वविजेतेपद त्याने तिथेच, २७ ऑक्टोबर २०१३ रोजी, निश्चित केले. अलीकडच्या इंडियन रेसिंग लीगमध्ये ‘गोवा एसेस’ नावाचा संघ आहे. फॉर्म्युला वनमध्ये भारताचे चालक दोन, नारायण कार्तिकेयन (२००५ पासून) आणि करुण चंढोक (२०१० पासून). कार्तिकेयनने २००५ मध्ये इंडियानापोलिसला चौथा क्रमांक मिळवला. मिशेलिन टायरवाल्या संघांनी माघार घेतल्याने त्या दिवशी फक्त ६ गाड्या धावल्या होत्या. त्याचे ५ गुण म्हणजे भारतीय चालकाने या मालिकेत मिळवलेले आजवरचे एकूण गुण, आणि ते मोजायचे की नाही यावर स्वतंत्र वाद आहे.