पेट्रोलची वाफ, कोळशाचा डबा आणि जांभ्याची धूळ

कोकणातल्या बहुतेक पिकअप गाड्या डिझेलवर चालतात, आणि डिझेलची वाफ इतकी थोडी होते की ती अडवण्यासाठी वेगळी व्यवस्था लागत नाही. आंब्याच्या पेट्या, मासळी किंवा किराणा वाहणाऱ्या छोट्या पेट्रोल पिकअपची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांच्या इंधनव्यवस्थेत सक्रिय कोळशाने भरलेला एक प्लास्टिकचा डबा, म्हणजे कॅनिस्टर, असतो आणि अनेक गाड्यांत त्याच्या हवेच्या वाटेवर एक लहानसा फिल्टर बसवलेला असतो. इंजिनाचा एअर फिल्टर प्रत्येक सर्व्हिसिंगला उघडून पाहिला जातो. हा दुसरा फिल्टर मात्र अनेक मालकांना ठाऊकही नसतो.

उन्हात टाकी तापली की पेट्रोलची वाफ बाहेर पडू पाहते. या वाफेतील हायड्रोकार्बन आणि धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, हे १९५० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करून दाखवले. त्यानंतर कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि संपूर्ण अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलांपासून वाफ अडवणे सक्तीचे झाले. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांतही पेट्रोल गाडीच्या वाफेवर मर्यादा आहे. पीयूसीच्या तपासणीत मात्र केवळ धुराच्या नळीतून येणारे वायू मोजले जातात, त्यामुळे वाफ गळणारी गाडीही पीयूसीत उत्तीर्ण होऊ शकते.

एक ग्रॅम सक्रिय कोळशातील सूक्ष्म छिद्रांचा आतला पृष्ठभाग मोजला तर तो सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो. वाफेचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून राहतात. नारळाच्या करवंटीपासूनही उत्तम सक्रिय कोळसा होतो आणि पाणी शुद्ध करण्यासाठी तो सर्रास वापरतात, परंतु गाडीच्या डब्यात बहुधा लाकडापासून केलेला कोळसाच घालतात. करवंटीच्या कोळशाची छिद्रे फार बारीक असल्यामुळे ती वाफ घट्ट धरून ठेवतात, आणि येथे तर धरलेली वाफ पुन्हा सोडणारा कोळसा हवा असतो. इंजिन चालू असताना परज व्हॉल्व्ह, म्हणजे कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधली झडप, उघडतो, इंजिनाच्या ओढीने बाहेरची ताजी हवा कोळशातून खेचली जाते आणि सुटलेली वाफ इंजिनात जळून जाते. ही ताजी हवा फिल्टरमधूनच येते. तो तुंबला तर कोळसा रिकामा होत नाही आणि पुढची वाफ धरायला त्यात जागा उरत नाही.

जांभ्याची धूळ या दृष्टीने त्रासदायक आहे. चिरेखाणीच्या रस्त्यावर उडणारी ती लाल पूड म्हणजे लोहाची ऑक्साइडे आणि अतिशय बारीक चिकणमाती. सागरी दमटपणात ती फिल्टरच्या स्पंजावर थापली जाऊन तिचा लेप बसतो. कीटकांचाही उपद्रव कमी नसतो. २०११ मध्ये माझदा कंपनीला उत्तर अमेरिकेतील सुमारे ६५,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण एका जातीचे कोळी याच हवेच्या नळीत जाळी विणत होते आणि नळी तुंबल्यामुळे टाकीत निर्वात निर्माण होऊन तिला तडा जाण्याचा धोका होता. आपल्याकडे मोकळ्या नळीत मातीचे घर करणारी कुंभारमाशी तेच करू शकते.

टाकीचे झाकण उघडताना हवा जोरात आत ओढली जाणे, पेट्रोलचा वास येत राहणे किंवा इंजिनाचा दिवा लागणे ही तपासणीची कारणे आहेत. माझ्या मते कोकणात वर्षातून दोनदा, आंब्याचा हंगाम संपल्यावर पावसाआधी आणि दिवाळीनंतर, हा फिल्टर पाहावाच. गाडी थंड असावी, जागा मोकळी असावी आणि जवळ विडी किंवा कोणतीही ठिणगी नसावी. टाकीचे झाकण उघडून दाब घालवावा, नळ्यांवर खुणा कराव्यात आणि मगच क्लिपा सोडवाव्यात. फिल्टर लाल, ओला किंवा कडक झालेला असेल तर तो बदलावा. कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच तो धुवावा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये. त्याला तेल लावू नये, कारण ते कोळशापर्यंत पोहोचू शकते. कॅनिस्टरमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारण्याची गॅरेजमधली सवय तर फारच घातक आहे. त्याने कोळशाचे दाणे फुटतात आणि त्यांची पूड परज व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. काही गाड्यांत फिल्टर डब्यातच बंदिस्त असतो, तेथे अख्खा कॅनिस्टर बदलावा लागतो.

कॅनिस्टर हलवल्यावर आत द्रव पेट्रोल जाणवले, तर नवा फिल्टर लावूनही उपयोग होत नाही. पंपावर नोझल आपोआप थांबल्यानंतरही रक्कम पूर्ण करण्यासाठी पेट्रोल भरत राहिल्याने बहुधा असे होते, आणि भिजलेला कोळसा सहसा बदलावाच लागतो.

फिल्टर बदलल्यावर इंजिनाचा दिवा लगेच विझला नाही तरी घाबरू नये. वाफेच्या व्यवस्थेची स्वतःहून चाचणी घेणाऱ्या गाड्यांत टाकी अगदी रिकामी किंवा काठोकाठ भरलेली असेल तर ती चाचणी सुरूच होत नाही, म्हणून टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवून काही दिवस गाडी नेहमीप्रमाणे चालवावी. तरीही दिवा राहिला तर गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा संकेतांक गॅरेजमध्ये वाचून घ्यावा. तो ‘पी०४४’ने सुरू होत असेल तर आधी झाकणाचे रबर, मग नळ्या आणि शेवटी परज व्हॉल्व्ह तपासावा.