इनकमिंगचा खर्च कोण उचलतो?

देशातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. त्या काळी गर्दीच्या वेळेत मिनिटाचा दर 16 रुपयांच्या पुढे असायचा आणि फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. त्यामुळे आलेला फोन उचलायचा की कापायचा, हा खिशाचा प्रश्न होता.

1 मे 2003 पासून हे बदलले. फोन करील त्यानेच पैसे द्यायचे, असे ठरले आणि इनकमिंग फुकट झाले. पण साताऱ्याहून एका कंपनीच्या नंबरवरून केलेला फोन नाशिकला दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे पोचतो, तेव्हा त्या दुसऱ्या कंपनीचे टॉवर आणि एक्स्चेंज राबते. त्याचा मोबदला पहिल्या कंपनीने दुसरीला द्यायचा, हाच आययूसी, म्हणजे ‘इंटरकनेक्ट युसेज चार्ज’. तो किती, हे दूरसंचार नियामक ‘ट्राय’ ठरवी. 2004 मध्ये मिनिटाला 30 पैसे, एप्रिल 2009 पासून 20, मार्च 2015 पासून 14.

ग्राहकाच्या बिलावर हा आकडा कधी दिसला नाही, तरी त्याने दरांना तळ घालून दिला होता. 2009 मध्ये ‘सेकंदाला एक पैसा’ योजना गाजल्या. मिनिटाचे 60 पैसे झाले, तर दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर केलेल्या फोनमधले 20 पैसे त्या कंपनीला जात. आपल्याच कंपनीच्या नंबरवर बोलणे स्वस्त ठेवणे मात्र परवडे. म्हणून घरोघरी सगळे एकाच कंपनीचे सिम घेऊ लागले आणि लहान किंवा नव्या कंपनीला ग्राहक मिळवणे जड गेले. ट्रायने दर उतरवले, त्याचे हे मोठे कारण मला वाटते आणि तो निर्णय योग्यच होता.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली, बोलणे फुकट घेऊन. तिच्या ग्राहकांचे फोन बाहेर जास्त जात, आत कमी येत. म्हणजे देणे मोठे. तिला आययूसी शून्य हवा होता. खेड्यापाड्यांतले जाळे चालवायला हा पैसा लागतो, असे जुन्या कंपन्यांचे म्हणणे. ट्रायने 1 ऑक्टोबर 2017 पासून दर 6 पैशांवर आणला आणि 1 जानेवारी 2020 पासून शून्य करण्याचे जाहीर केले.

शेवटची वर्षे चमत्कारिक गेली. फोन उचलला गेला तरच आययूसी लागे. त्यामुळे रिंग किती सेकंद वाजवायची, यावरही कंपन्या भांडल्या. लवकर बंद पडली की मिस्ड कॉल होतो, समोरचा उलट फोन करतो आणि पैसा उलट्या दिशेने वाहतो. रिंग 25 सेकंदांवर आली, तेव्हा ट्रायला मोबाइलसाठी 30 सेकंदांचा नियम करावा लागला. ऑक्टोबर 2019 मध्ये जिओने ते 6 पैसे थेट ग्राहकाकडून घ्यायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये शून्याची तारीख वर्षभर पुढे गेली आणि 1 जानेवारी 2021 रोजी आययूसी संपला.

ज्याची चर्चा सर्वांत कमी झाली, तो ग्राहक वेगळाच होता. गावाकडची आई, जिला मुंबईहून मुलगा फोन करतो. ती स्वतः क्वचितच करते. तिचे रिचार्ज नगण्य, पण तिच्याकडे आलेल्या प्रत्येक मिनिटामागे तिच्या कंपनीला पैसे मिळत. आययूसी उतरत गेला तशी ती कंपनीच्या हिशेबात तोट्याची ठरू लागली. 2018 अखेर जुन्या कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवायलाही दरमहा किमान 35 रुपयांचे रिचार्ज लावले. खात्यात शिल्लक असूनही सेवा बंद होण्याची वेळ आली, तेव्हा ट्रायने कंपन्यांना हटकले. पुढे ती किमान रक्कम वाढतच गेली.

जास्त बोलणाऱ्याला शून्य आययूसीचा लाभ झाला, यात शंका नाही. पण त्या आईसारख्या फक्त ऐकणारीचा खर्च आधी फोन करणाऱ्याच्या पैशांतून निघे. तो आता तिच्याच रिचार्जमधून निघतो. डेटा नको असलेल्यांसाठी केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवा, हा नियम यायला डिसेंबर 2024 उजाडला.