'हुजाम्बो'चा 'जाम्बो' कसा झाला

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोम्बासा किंवा झांझिबारच्या एखाद्या हॉटेलात पाऊल टाकलं की कानावर पडणारा पहिला स्वाहिली शब्द म्हणजे 'जाम्बो'. पर्यटक तेवढाच पाठ करतो आणि आपल्याला भाषा यायला लागली म्हणून खूश होतो. तिथली माणसं आपापसांत मात्र नुसतं 'जाम्बो' सहसा म्हणत नाहीत. ती म्हणतात 'हुजाम्बो?' आणि उत्तर येतं 'सिजाम्बो'.

'जाम्बो' म्हणजे गोष्ट, बाब, भानगड. 'हु' हा 'तुला नाही' असं सांगणारा नकारी प्रत्यय आणि 'सि' हा 'मला नाही' असं सांगणारा. म्हणजे प्रश्न असा, की तुझं काही बिनसलं तर नाही ना? उत्तर असं, की नाही, माझं काही नाही. अनेकांना विचारायचं तर 'हाम्जाम्बो', त्यावर 'हातुजाम्बो'. आपल्याकडे 'काय विशेष?' म्हटल्यावर 'काही नाही' असंच उत्तर येतं, आणि काही नसण्यातच सगळं ठीक असतं. ही नकाराची गंमत मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. परक्याच्या जिभेला जड जाणारा हा प्रत्ययच गळला आणि 'जाम्बो' उरला. 1982 मध्ये मोम्बासाच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या देम मशरूम्स या बँडच्या गाण्याने तो जगभर नेला.

'जाम्बो' हा अस्सल बांतू, म्हणजे आफ्रिकेतल्या एका मोठ्या भाषाकुळातला, शब्द. स्वाहिलीचा सांगाडाही बांतूच आहे. तिच्या अंगावर अरबी शब्द चढले ते मोसमी वाऱ्यांमुळे. हिवाळ्यात ईशान्येकडून 'कास्काझी' वाहू लागला की अरबस्तान आणि गुजरातची गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागत. परतीसाठी 'कुसी' या नैर्ऋत्य वाऱ्याची वाट पाहावी लागे. महिनोन्‌महिने बंदरात मुक्काम, त्यात सोयरिकी, त्यात भाषा. 'स्वाहिली' हे नावच अरबीतल्या 'सवाहिल', म्हणजे 'किनारे', या शब्दावरून आलेलं. इब्न बतूता 1331 मध्ये मोम्बासा आणि किल्वाला जाऊन आला, तेव्हा ही बंदरं चांगली भरभराटीला आलेली होती.

दुसरं रोजचं अभिवादन म्हणजे 'हबारी?' आपली 'खबर' आणि ही 'हबारी' एकाच अरबी शब्दाच्या लेकी. आपल्याकडे फारसीमार्गे येताना 'ख' टिकला, तिकडे त्याचा 'ह' झाला. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे शब्द आपोआप ओळखीचे वाटू लागतात. 'हतारी' म्हणजे धोका, आपला 'खतरा'. निरोपाच्या 'क्वाहेरी'मधलं 'हेरी' म्हणजे आपलं 'खैर'. 'करीबू' म्हणजे जवळ या, अर्थात स्वागत. आणि दारात 'होदी!' अशी हाक द्यायची, आतून 'करीबू' आलं की मगच उंबरा ओलांडायचा. गावाकडची 'आहे का कोणी घरात?' ही हाक आठवावी.

एक खुबी शिकणाऱ्याने ध्यानात ठेवावी. 'हबारी'चं पहिलं उत्तर 'न्झुरी', म्हणजे छान, असंच द्यायचं असतं. अंगात ताप असला तरी आधी 'न्झुरी', मग 'लाकीनी', म्हणजे आपलं 'लेकिन', आणि त्यानंतर रडगाणं.

गोव्याशी या भाषेचा एक धागा आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. आज माहीत असलेली सर्वांत जुनी स्वाहिली कागदपत्रं म्हणजे 1711 मध्ये किल्वाहून मोझांबिकच्या पोर्तुगीजांना आणि त्यांच्या तिथल्या साथीदारांना गेलेली, अरबी लिपीतली पत्रं. ती आज जपलेली आहेत गोव्याच्या पुराभिलेखागारात. कारण साधं आहे. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले.

एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सय्यद सईदने झांझिबारला राजधानी केली. हस्तिदंत आणि गुलामांच्या व्यापारी तांड्यांबरोबर भाषा ताबोरा, उजीजी या किनाऱ्यापासून दूरच्या गावांपर्यंत आत शिरली. झांझिबारचा गुलामबाजार 1873 मध्ये बंद झाला. पुढे मिशनरी आणि वसाहतवाल्यांनी व्याकरणं, कोश रचले. 1928 मध्ये मोम्बासाला परिषद भरली आणि झांझिबारची 'किउंगुजा' बोली प्रमाण ठरली. यजमान मोम्बासाची 'किम्वीता' बोली मात्र मागे पडली. तिच्यातली काव्यपरंपरा पाहता मला हा निर्णय अन्यायाचाच वाटतो.

जुना इतिहास अंगावर वागवणारं अभिवादन मात्र 'शिकामोओ'. दोन्ही 'ओ' वेगळे उच्चारायचे. इंग्रजी स्पेलिंग पाहून 'शिकामू' म्हणणारे बरेच भेटतात. त्याचा उगम 'तुमचे पाय धरतो' या वाक्यात सांगतात. ते धाकट्याने थोरल्याला म्हणायचं आणि थोरल्याने 'मराहाबा' म्हणून स्वीकारायचं. किनाऱ्यावरच्या मालक-चाकराच्या उतरंडीची छाया त्यावर आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणून टांझानियाचं पुढचं वळण विलक्षण आहे. 1967 च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंच्या समाजवादी टांझानियात सगळ्यांना 'न्दुगू', म्हणजे भावंड, म्हणण्याची रीत पडली. तरी 'शिकामोओ' गेलं नाही. मालक गळले, वडीलधारे उरले. आपल्याकडे 'पाया पडतो' म्हणताना कोणाला गुलामी आठवत नाही, तसंच काहीसं. केनियाच्या आतल्या भागात ते त्यामानाने कमी ऐकू येतं.

तरुणांचं सध्याचं अभिवादन 'माम्बो?' हे 'जाम्बो'चंच अनेकवचन. उत्तर 'पोआ', शब्दशः 'थंड'. दारेसलामचा पोरगा रस्त्यात मित्राला 'माम्बो' घालतो, 'पोआ' ऐकतो. तेवढ्यात मित्राची आई दारात येते, आणि तो सावरून उभा राहत म्हणतो, 'शिकामोओ, मामा.' 'मामा' म्हणजे तिकडे आई.