किळस येते एकाची, बाधा होते दुसऱ्याची

इथिओपियात कुणाच्या घरी जेवायला बसलं की प्रत्येकाला वेगळं ताट येत नाही. मधोमध एक मोठी परात ठेवतात. तिच्यात इंजेरा पसरलेला असतो. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून तो भाजतात. आपल्या आंबोळीसारखा जाळीदार आणि आंबूस, पण आकाराने परातभर. त्याच्यावरच मसुराचे, भाज्यांचे, मटणाचे तिखट रस्से जागोजागी वाढतात आणि सगळे उजव्या हाताने तुकडा तोडून खाऊ लागतात. मध्येच यजमानीण एक भरगच्च घास गुंडाळते आणि स्वतःच्या हाताने थेट पाहुण्याच्या तोंडात घालते. या रीतीला गुर्शा म्हणतात. घास जितका मोठा तितका लोभ जास्त, आणि तो नाकारणं उद्धटपणाचं.

वाचतानाच ज्यांना कसंसं झालं, त्यांची अडचण मला कळते. पाण्याची बाटली तोंडाला न लावता वरून पिण्याची शिस्त लहानपणापासून अंगात मुरलेली असली की दुसऱ्याच्या हातचा घास घशाखाली उतरणं अवघडच. लग्नात नवरा-नवरीने एकमेकांना भरवलेला घास आपण कौतुकाने बघतो. तोच शेजारच्या पंगतीतल्या अनोळखी माणसाने पुढे केला तर मान मागे जाते. हात तोच, घास तोच. मग ही किळस नक्की कशावर बोट ठेवते? माझं म्हणणं असं की ती जंतूंपेक्षा माणसं जास्त तपासते.

चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर पुस्तक लिहिलं. त्यात दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या तिएरा देल फुएगोमधला एक प्रसंग आहे. डार्विन टिकवलेलं थंड मांस खात होता. तिथल्या एका रहिवाशाने त्या मांसाला बोट लावून पाहिलं आणि त्याच्या मऊपणाची त्या रहिवाशाला शिसारी आली. इकडे या माणसाने आपल्या अन्नाला बोट लावलं म्हणून डार्विनलाही तितकीच शिसारी आली. त्या माणसाचे हात अस्वच्छ दिसत नव्हते, हेही डार्विनने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं आहे. दोघांचीही किळस खरी होती, आणि दोन्हींत जंतूंचा काही संबंध नव्हता.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी पुढे हीच गोष्ट प्रयोगातून दाखवली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत लोकांसमोर फळांच्या रसाचा पेला ठेवला जाई आणि पूर्ण निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ त्यात क्षणभर बुडवून काढलं जाई. झुरळ निर्जंतुक आहे हे लोकांना ठाऊक होतं, तरी तो रस त्यांना नकोसा झाला. चॉकलेटची वडी कुत्र्याच्या विष्ठेच्या आकाराची केली की ती तोंडात घालवेना. सगळ्यांत बोलका प्रयोग साखरेचा. एकाच खोक्यातली साखर लोकांच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्यांत ओतली. एकीवर ‘साखर’ आणि दुसरीवर ‘सोडियम सायनाइड’ अशी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटवली. तरी दुसऱ्या बाटलीतली साखर घ्यायला त्यांचं मन कचरत होतं. एकदा शिवलं की कायमचं बाटलं आणि दिसतं तसंच असतं, हे दोन नियम आपल्या डोक्यात फार खोल रुतलेले आहेत. फार लहान मुलांमध्ये ते दिसत नाहीत. ती झुरळ काढलेला रस खुशाल पितील. किळसेची क्षमता जन्मजात, पण कशाची किळस यावी हे बरंचसं घरात शिकलं जातं.

आपल्याच तोंडातल्या लाळेचं घ्या. दिवसभर आपण ती गिळतो. पण स्वच्छ पेल्यात थुंकून तीच परत प्या म्हटलं तर कुणी तयार होणार नाही. पेल्यात पडल्याने तिच्यात नवे जंतू आले नाहीत, ती फक्त शरीराच्या हद्दीबाहेर गेली.

पण म्हणून किळस निरर्थक ठरत नाही. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीनमधल्या व्हॅलरी कर्टिस यांनी जगभरातल्या सुमारे ४० हजार लोकांना इंटरनेटवरून छायाचित्रं दाखवली होती. ज्या चित्रांतून पू, विष्ठा, आजारपण सूचित होत होतं ती लोकांना जास्त किळसवाणी वाटली. उष्टं न खाण्यालाही अर्थ आहेच. गालगुंडाचा विषाणू लाळेतून पसरतो. पण किळस फक्त दिसतं, वास येतो, आठवतं तेवढंच पकडते. जंतू यांपैकी काहीच करत नाहीत.

१९०६ साली न्यूयॉर्कजवळच्या ऑइस्टर बे गावात एका सधन कुटुंबाने उन्हाळ्यासाठी घेतलेल्या घरात ११ पैकी ६ जणांना विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, झाला. शोध घेता घेता जॉर्ज सोपर हा तपासनीस स्वयंपाकीण मेरी मॅलनपर्यंत पोचला. ती ठणठणीत होती, पण तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू वस्तीला होते. शिजवलेल्या अन्नात ते मरायचे, म्हणून सोपरचा संशय गेला कच्चे पीच घातलेल्या आइस्क्रीमवर. त्या घरातल्या कुणालाही ते आइस्क्रीम खाताना किळस आली नसणार. चांगल्या घरातलं, चांगल्या भांड्यातलं, थंडगार.

आता आपल्या ओट्यावरची गोष्ट. रात्रीचा भात उरतो, पातेल्यावर झाकण ठेवून तो ओट्यावरच राहतो आणि सकाळी फोडणीचा भात होतो. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, बहुधा असतात. भात शिजताना जिवाणू मरतात, बीजाणू तग धरतात. पातेल्यातला भात मधोमध तासन्‌तास कोमट राहतो. त्या उबेत बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि काही जाती उलटी घडवणारं विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. मोहरी कितीही तडतडली, भात कितीही परतला, तरी ते तसंच राहतं. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. भाताला आंबूस वास येईलच असं नाही, चवही बिघडत नाही, त्यामुळे आपलं नाक कुठलाही इशारा देत नाही. उपाय सोपा आहे: उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा. शिळा भात वाईट नाही, ओट्यावर रात्र काढलेला भात वाईट.

या नजरेने पुन्हा त्या परातीकडे पाहिलं तर चित्र बरंच बदलतं. जेवणाआधी यजमान पाहुण्यांच्या हातावर भांड्यातून पाणी घालतात. जेवताना बोटं चाटणं तिथे असभ्य समजतात, आणि भरवतानाही बोटं ओठांना लागू द्यायची नसतात. म्हणजे लाळ परातीत जाऊ नये याची काळजी त्या रीतीतच घेतलेली आहे. पीठ आंबल्यामुळे इंजेऱ्यात आम्लता असते, आणि बरेच रोगजंतू आम्लात नीट वाढत नाहीत. गरम रस्से उकळूनच आलेले असतात. धोका उरतो तो हातांचा, आणि तिथे नुसतं पाणी पुरत नाही. साबण त्वचेवरचा तेलकट थर सोडवतो आणि त्याच्याबरोबर जंतू वाहून जातात. बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा धरून वीसेक सेकंद तरी चोळावं लागतं. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारसा बधत नाही, त्यामुळे खिशातली छोटी बाटली साबणाची जागा घेऊ शकत नाही.

कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना घानामध्ये हाच पेच पडला होता. शौचाहून आल्यावर लोक हात पाण्याखाली धरत. हात स्वच्छ दिसत, म्हणून साबण घ्यावासा वाटत नसे. जंतूंबद्दलची व्याख्यानं ऐकून सवय बदलत नव्हती. मग त्यांनी टीव्हीसाठी जाहिरात केली: शौचालयातून बाहेर पडलेल्या आईच्या हातांवर जांभळा रंग दिसतो, ती लेकरांसाठी जेवण करते आणि तो रंग अन्नाला लागतो, मुलं तेच खातात. साबणाचा वापर वाढला. लोकांना जंतू अजूनही दिसत नव्हते, पण आता त्यांना बरोबर जागी किळस येऊ लागली होती.