पर्जन्यमापन

ठरावीक जागी ठरावीक वेळेत पडलेला पाऊस मोजून नोंदवण्याची पद्धत. पावसाचे पाणी मुरले, वाहून गेले किंवा वाफ होऊन उडाले नसते, तर सपाट जागेवर त्याचा जेवढा थर साचला असता, तेवढे मिलिमीटर नोंदवतात. 1 मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर पाणी.

भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी 8.30 ला संपतो. मागील 24 तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेखाली मांडला जातो. मुंबईकरांना 26 जुलै 2005 चा म्हणून आठवणारा सांताक्रूझचा 944 मिमी पाऊस 27 जुलैच्या सकाळी संपलेल्या 24 तासांचा आहे. त्याच 24 तासांत कुलाब्याला जेमतेम 73 मिमी पडला. म्हणून वेळ आणि ठिकाण सोडून दिलेल्या आकड्यावर विसंबू नये.

साध्या पर्जन्यमापकात वर नरसाळे आणि खाली बाटली असते. नरसाळ्याची कड समपातळीत, जमिनीपासून 30 सेंमी उंच ठेवतात. झाड किंवा भिंत पर्जन्यमापकापासून स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवी. गच्ची टाळावी, कारण तिथल्या वाऱ्यात थेंब तोंडावरून उडून जातात. नरसाळ्याचे तोंड 200 किंवा 100 चौ. सेंमीचे असते आणि प्रत्येकाचे मोजपात्र वेगळे. पहिल्यात 1 मिमी म्हणजे 20 मिलि, दुसऱ्यात 10 मिलि. पात्रांची अदलाबदल झाली की पाऊस दुप्पट किंवा निम्मा दिसतो. 200 चौ. सेंमीच्या नरसाळ्याखालची 4 लिटरची बाटली 200 मिमीलाच भरते, त्यामुळे कोकणात आणि घाटमाथ्यावर मोठी बाटली लागते किंवा दिवसातून अनेकदा मोजून बेरीज करावी लागते. पात्र सपाट जागी ठेवून, डोळा पाण्याच्या पातळीत आणून, पृष्ठभागाच्या खालच्या वक्राशी वाचावे.

स्वयंचलित केंद्रात छोट्या पाळण्यासारखे दोन खण आळीपाळीने भरून उलटतात आणि प्रत्येक उलटीची नोंद होते. कोसळत्या पावसात खण उलटत असताना पडलेले पाणी मोजणीतून निसटते, त्यामुळे आकडा कमी येतो. पाने, पक्ष्यांची विष्ठा किंवा कोळ्याचे जाळे नरसाळ्यात अडकले तर पाऊस थांबल्यावरही पाणी ठिबकत राहते, तासवार नोंद बिघडते. शेजारी कोरडे असताना एका केंद्रावर रात्रभर रिमझिम दिसली, तर आधी नरसाळे तपासावे.

24 तासांत 2.5 मिमी किंवा जास्त पाऊस झाला की तो पावसाचा दिवस. 64.5 ते 115.5 मिमी मुसळधार, 204.4 पर्यंत अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. महाराष्ट्रात पीकनुकसानीच्या मदतीसाठी महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी धरतात. मंडळात अनेक गावे येतात. झाडाच्या आडोशाला बसवलेले एक यंत्र 60 दाखवते आणि त्या सगळ्या गावांचा दावा अडतो.

नोंद चुकली तर रकाना कोरा ठेवावा, शून्य लिहू नये. दुसऱ्या दिवशी बाटलीत सापडलेले पाणी दोन्ही दिवसांची बेरीज म्हणून शेऱ्यासह लिहावे, अंदाजाने वाटून टाकू नये.