आग एका घरातच का थांबली नाही?

14 जून 2017 रोजी मध्यरात्रीनंतर लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागातील ग्रेनफेल टॉवरमध्ये, चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रीजपाशी आग लागली. अग्निशमन दलाला पहिला दूरध्वनी 12 वाजून 54 मिनिटांनी गेला आणि सव्वाच्या सुमारास जवान त्या स्वयंपाकघरात शिरले. आतली आग त्यांनी थोड्याच वेळात आटोक्यात आणली. परंतु ते आत शिरण्यापूर्वीच ज्वाळा खिडकीच्या कडेने बाहेर पडून इमारतीच्या बाह्य आवरणात घुसल्या होत्या, आणि 1 वाजून 27 मिनिटांनी त्या 24 मजली इमारतीच्या माथ्यापर्यंत पोहोचल्या. त्या आगीत 72 माणसे गेली. एका घरातली आग इतर घरांपर्यंत गेलीच कशी, हा प्रश्न ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या, नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावरच्या आणि खारघरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे, कारण त्याचे उत्तर आपल्याही इमारतींना लागू पडते.

काँक्रीटच्या उंच इमारतीची सुरक्षितता एका साध्या गृहीतकावर उभी असते. प्रत्येक घर ही एक बंद पेटी मानली जाते. वर आणि खाली काँक्रीटचा स्लॅब, बाजूंना भिंती, आणि जिन्याच्या दिशेला आगीसमोर ठरावीक काळ तग धरणारे दार. पेटीतले सामान जळून जाईल, पण आग त्या पेटीबाहेर पडायला एक तास किंवा त्याहून अधिक वेळ लागेल आणि तोपर्यंत अग्निशमन दल पोहोचेल, असा हा हिशेब आहे. ब्रिटनमध्ये आगीच्या वेळी इतर रहिवाशांना आपापल्या घरातच थांबायला सांगत, तेही याच हिशेबाच्या भरवशावर. ग्रेनफेलमध्ये ही सूचना 2 वाजून 47 मिनिटांनी, म्हणजे जवळजवळ दोन तासांनी मागे घेतली गेली. 1974 मध्ये बांधून झालेल्या मूळ इमारतीसाठी कदाचित ती योग्यही ठरली असती, परंतु 2016 मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणाने त्या पेट्या बाहेरून एकमेकींना जोडल्या होत्या.

हे जोडकाम कशाने झाले, हे पाहण्यासाठी ठाण्यातल्या कुठल्याही बाजारपेठेतून फिरले तरी पुरे. दुकानांच्या पाट्या, रुग्णालयांचे दर्शनी भाग, कार्यालयांच्या चकचकीत भिंती यांवर जे चकाकते, त्याला बांधकाम व्यवसायात एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनल, म्हणतात. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये गाभा भरून केलेली ही शीट हलकी, स्वस्त आणि बसवायला सोपी असते. ग्रेनफेलवरच्या शीटमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या दोन पत्र्यांमधला तीन मिलिमीटरचा गाभा पॉलिइथिलीनचा होता, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या ज्यापासून बनतात त्याच पदार्थाचा. पॉलिइथिलीन साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअसला वितळते आणि एक किलो जळाले की सुमारे 45 मेगाज्यूल उष्णता देते. ही उष्णता एक किलो पेट्रोलच्या उष्णतेच्या जवळपास आहे आणि लाकडाच्या अडीचपट आहे. बाहेरचे अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते. मोठ्या ज्वाळेसमोर तो पत्रा वाकतो, फाटतो आणि आतले इंधन उघडे पडते.

इंधन इतके सोपे मिळाले, तरी तेवढ्यावर आग पंधरा-वीस मिनिटांत वीस मजले चढत नाही. त्यासाठी रचनाही लागते. एसीपीची शीट भिंतीला चिकटवलेली नसते. ती सांगाड्यावर बसवतात आणि पावसाचे पाणी निथळावे म्हणून मागे हवेची पोकळी सोडतात. ग्रेनफेलमध्ये या पोकळीच्या आतल्या बाजूला, काँक्रीटवर, उष्णतारोधक फोमचे थर होते आणि तेही ज्वलनशील होते. अशा अरुंद उभ्या पोकळीत ज्वाळा शिरली की तिला बाजूने पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून ती ऑक्सिजनच्या शोधात लांबत जाते. मोकळ्या हवेतल्यापेक्षा तिची लांबी पाच ते दहापट होऊ शकते. वर गेलेली ज्वाळा तिथल्या प्लास्टिकला आधीच तापवून ठेवते, आणि तापलेले इंधन पेटायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात येऊरच्या डोंगरावर लागलेला वणवा सपाटीपेक्षा चढावर वेगाने पळतो, त्यामागचे कारण हेच असते. उभी भिंत म्हणजे तर नव्वद अंशांचा चढ. पोकळीत ठरावीक अंतरावर आगरोधक पट्ट्या बसवून हा मार्ग तोडायचा असतो. ग्रेनफेलमध्ये त्या कुठे नव्हत्याच, तर कुठे चुकीच्या बसवलेल्या होत्या. माथ्यावरच्या सजावटीच्या पट्ट्याने आग आडवी पसरवली आणि वितळून पेटलेल्या प्लास्टिकच्या थेंबांनी ती खालच्या मजल्यांवरही नेली.

या नूतनीकरणात आधी जस्ताचे पत्रे बसवण्याचा विचार होता. त्याऐवजी एसीपी निवडल्याने सुमारे 2.93 लाख पौंड वाचले. सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशी समितीने सप्टेंबर 2024 मधील अंतिम अहवालात, साहित्याच्या उत्पादकांनी चाचण्यांबाबत दिशाभूल केल्याचे आणि सरकारी यंत्रणेने वर्षानुवर्षे इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केल्याचे नोंदवले. ते सगळे मृत्यू टाळता आले असते, असे मूर-बिक यांनी स्पष्ट सांगितले. ते विधान वाचताना अजूनही मन विषण्ण होते. मेलबर्नच्या लॅक्रॉस इमारतीत नोव्हेंबर 2014 मध्ये, म्हणजे ग्रेनफेलच्या अडीच वर्षे आधी, बाल्कनीतल्या एका सिगारेटमुळे लागलेली आग तशाच प्लास्टिक गाभ्याच्या शीटवरून सुमारे अकरा मिनिटांत तेरा मजले चढली होती. तिथे एकही जीव गेला नाही, कारण घरांमध्ये स्प्रिंक्लर, म्हणजे आगीच्या उष्णतेने आपोआप पाणी फवारणारे नळ, होते आणि ते चालले. ग्रेनफेलच्या घरांमध्ये स्प्रिंक्लर नव्हते.

आता धुराविषयी, कारण अशा आगींत माणसे बहुतेक वेळा ज्वाळांनी मरत नाहीत. खोलीतली हवा 20 अंशांवरून 600 अंशांपर्यंत तापली की तिचे आकारमान जवळजवळ तिप्पट होते. हा फुगलेला, हलका वायू मिळेल त्या फटीतून बाहेर पडतो आणि जिना, लिफ्टचा खड्डा, विजेच्या तारांची डक्ट यांतून वर चढतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. सोफा आणि गाद्यांमधल्या पॉलियुरेथेन फोमपासून हायड्रोजन सायनाइडही निघतो, आणि तो पेशींना मिळालेला ऑक्सिजन वापरूच देत नाही. माणूस गोंधळतो, त्याचे पाय लुळे पडतात आणि दार हातभर अंतरावर असूनही ते उघडण्याचे त्राण उरत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये, ऐन दिवाळीत, वाशीच्या सेक्टर 14 मधल्या एका इमारतीत दहाव्या मजल्यावर आग लागली. त्या दुर्घटनेत चौघांचा मृत्यू झाला, आणि त्यांतले तिघे बाराव्या मजल्यावरचे होते.

म्हणूनच जिना हा उंच इमारतीतला सर्वांत मोलाचा भाग ठरतो. नव्या टॉवरमध्ये पंख्याने हवा भरून जिन्यातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित, साधारण 50 पास्कलने, जास्त ठेवण्याची सोय असते, जेणेकरून धूर आत न येता बाहेर ढकलला जावा. पण हा दाब टिकतो तो जिन्याची दारे बंद असतील तरच. आपल्याकडे ती दारे वारा यावा म्हणून वीट लावून किंवा दोरीने बांधून उघडी ठेवलेली असतात, दार आपोआप लावणारे क्लोझर मोडलेले असतात आणि कुलूप मात्र नेमके गच्चीच्या दाराला असते. ग्रेनफेलमध्ये अनेक घरांच्या दारांना चालू क्लोझर नव्हते. माणसे घाईने बाहेर पडली, दारे उघडी राहिली आणि त्यांतून आलेला धूर इमारतीतल्या एकुलत्या एक जिन्यात भरला. पळताना आपल्या मागे घराचे दार ओढून घेणे, या एका कृतीने वरच्या मजल्यावरच्या माणसांना कित्येक मिनिटे मिळू शकतात.

बाह्य आवरणाचा मुद्दा केवळ एसीपी लावलेल्या इमारतींपुरता नाही. खिडकीतून बाहेर पडलेली ज्वाळा सरळ वर न जाता भिंतीकडे ओढली जाते आणि वरच्या मजल्याच्या खिडकीत शिरू पाहते. आपल्या जुन्या इमारतींतले छज्जे आणि बाल्कन्या त्या ज्वाळेला भिंतीपासून दूर लोटतात. पावसापासून संरक्षण देणारा छज्जा आगीतही असा उपयोगी पडतो, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आपण मात्र बाल्कनी खोलीत घेतो, खिडकीबाहेर बॉक्स ग्रिल काढतो, त्यावर प्लास्टिकचे पत्रे टाकतो आणि ग्रिलमध्ये जुने खोके, रिकामे डबे, वाळत घातलेले कपडे ठेवतो. त्यामुळे ज्वाळेला दूर ठेवणारी कड जाते, तिच्या वाटेवर इंधन येते आणि शिडीवरून येणाऱ्या जवानाला आत घेण्याचा मार्गही बंद होतो. डक्टमध्ये इंटरनेटच्या तारा टाकण्यासाठी स्लॅबला पाडलेली आणि कधीच न बुजवलेली भोकेही या पेट्या तशाच फोडतात. ती आगरोधक सीलंटने बुजवण्याचा खर्च रंगकामाच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

डागडुजीचा काळ विशेष धोक्याचा. हाँगकाँगच्या ताई पो भागातील वांग फुक कोर्ट या वसाहतीत 26 नोव्हेंबर 2025 रोजी आठपैकी सात टॉवर पेटले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दुरुस्तीसाठी बांबूच्या परांच्या आणि जाळ्या लावलेल्या होत्या, आणि खिडक्या झाकण्यासाठी पॉलिस्टायरीन फोमचे तक्ते बसवले होते. धोक्याच्या घंटाही नीट वाजल्या नाहीत. पावसाळा संपला की ठाण्यात आणि नवी मुंबईतही इमारतींभोवती परांच्या चढतात आणि हिरव्या जाळ्या लागतात. ही जाळी आग न पकडणारी आहे का, हे कंत्राटदाराला लेखी विचारणारी सोसायटी विरळा, आणि त्यावर वेल्डिंगच्या ठिणग्या पडू नयेत याची काळजी घेणारी त्याहून विरळा.

कायद्याने हे सोसायटीवर सोपवलेलेच आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारी व जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, द्यावा लागतो. माझ्या मते या कागदाइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा आहे की तो भरताना कुणी हायड्रंटचा, म्हणजे आग विझवण्यासाठीच्या पाण्याच्या नळाचा, व्हॉल्व्ह खरोखर उघडून वरच्या मजल्यावर पाणी येते का, हे पाहिले का. पंप ऑटोवर आहे की वॉचमनने तो मॅन्युअलवर टाकून ठेवला आहे, हे तपासले का. आणि रेफ्युज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेत, झुंबा वर्गाचे सामान किंवा जुने फर्निचर पडले आहे का, हे बघितले का.

एक गोष्ट मात्र यंत्रांनी होत नाही. ग्रेनफेलमध्ये राहणाऱ्या 37 अपंग रहिवाशांपैकी 15 जणांचा मृत्यू झाला. जिना उतरणे त्यांना जमण्यासारखे नव्हते, आणि कोणाला कशी मदत लागेल याची योजना आधी केलेली नव्हती. आपल्या टॉवरमध्ये गुडघ्यांमुळे जिना न उतरणाऱ्या आजी, डायलिसिसवर असलेले काका, व्हीलचेअर वापरणारी मुले कोणत्या मजल्यावर राहतात, त्यांच्या शेजारच्या घरांतून कोण त्यांना उतरवेल आणि ती यादी रात्रपाळीच्या वॉचमनकडे आहे का, हे सोसायटीच्या पुढच्या सभेत एका तासात ठरवता येईल. 101 वर दूरध्वनी करून बोलावलेले जवान फाटकाशी पोहोचतील तेव्हा सर्वांत आधी ती यादीच मागतील.